‘एक होता राजा’ला किती मार्क?

‘एक होता राजा’ हे वाक्य चूक आहे. पहिली-दुसरीच्या वर्कशीटवर ‘शब्दांचा योग्य क्रम लावून वाक्य तयार करा’ असा जो प्रश्न असतो, त्याच्या हिशेबाने तरी चूकच. ‘होता’, ‘राजा’, ‘एक’ असे शब्द तीन चौकटींत दिलेले असतात आणि खाली एक रेघ असते. उत्तर ठरलेलं: एक राजा होता. कर्ता आधी, क्रियापद शेवटी, मग पूर्णविराम. ज्या आजीने आपल्याला जन्मातली पहिली गोष्ट सांगितली, तिला या हिशेबाने शून्य मार्क. वीणा गवाणकरांनी ‘एक होता कार्व्हर’ असं पुस्तकाचं नाव ठेवलं, त्यांनाही शून्य.

यात एवढं चिडण्यासारखं काय आहे, असं आपल्या मंडळातल्याच एकाने मला विचारलं. लहान मुलांना कुठला तरी एक क्रम शिकवायला नको का? हवा ना. पण आपण जो शिकवतो तो नक्की कुठल्या भाषेचा नियम आहे, आणि त्यापायी मुलांच्या तोंडातली कुठली वाक्यं आपण पुसून टाकतो, हे कुणीतरी बोलायला पाहिजे. मी गेली दोन वर्षं उद्यमबागेत संध्याकाळी काही मुलांचा अभ्यास घेते, म्हणून मीच बोलते.

उद्यमबाग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खानापूर रोड, फाउंड्री, मशीन शॉप आणि फार तर गोगटे इंजिनिअरिंग कॉलेज येतं. कारखान्यांच्या मागच्या गल्ल्यांत घरं आहेत, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. माझ्याकडे येणारी मुलं अकरा. कुणी मराठी शाळेत, दोघी कन्नड शाळेत, बाकीची इंग्लिश मीडियमला. तिघांचे आईवडील बिहार आणि ओडिशाहून कामासाठी आलेले. गल्लीत खेळताना ही सगळी पोरं मराठी, कन्नड आणि हिंदी अशी काही मिसळून बोलतात की ऐकत राहावं. मला ‘अक्का’ म्हणतात. हा शब्द कन्नड की मराठी, याचा आमच्याकडे कुणी विचार करत नाही.

तर या अक्काकडे दुसरीतल्या एका मुलाची वही आली. त्याने लिहिलं होतं, ‘चारा गाय खाते.’ त्यावर लाल पेनाची फुली आणि बाजूला ‘गाय चारा खाते’. मी त्याला विचारलं, असं का लिहिलंस? तो म्हणाला, ‘वरती आहे की अक्का, म्हैस कडबा खाते म्हणून. मग चारा कोण खाते? चारा गाय खाते.’

मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. त्याच्या वर्कशीटवर आधीचं वाक्य खरोखरच म्हशीचं आणि कडब्याचं होतं. बाकीच्या मुलांनी पाच सुट्टी वाक्यं जुळवली, याने पाच वाक्यांची एक हकीकत केली. मराठीत क्रियापदाच्या अगदी अलीकडची जागा मानाची असते. जे नवं सांगायचं, ज्यावर जोर द्यायचा, ते तिथे बसतं. ‘गाय चारा खाते’ हे ‘गाय काय खाते?’ या प्रश्नाचं उत्तर, आणि ‘चारा गाय खाते’ हे ‘चारा कोण खातं?’ याचं. हा नियम त्याला कुणी शिकवला नव्हता, पण त्याला येत होता. लाल फुलीने त्याला एवढंच कळलं की असं बोलायचं असतं पण लिहायचं नसतं.

आता जरा व्याकरणात शिरू. साहित्याचे विद्यार्थी व्याकरण म्हटलं की पळतात, पण हे सोपं आहे. रविवारी चर्चमध्ये धर्मशिक्षणाच्या वर्गात सगळ्या मुलांना आवडणारी गोष्ट दावीद आणि गल्याथाची. ‘दावीदाने गल्याथाला मारलं.’ आता शब्द हवे तसे फिरवा. गल्याथाला दावीदाने मारलं. मारलं गल्याथाला दावीदाने. दावीदाने मारलं गल्याथाला. कसंही म्हणा, प्रत्येक वेळी मरतो गल्याथच. हेच इंग्रजीत करून बघा. ‘डेव्हिड किल्ड गोलायथ’मधली दोन नावं इकडची तिकडे केली की दावीद मेला आणि जुना करार तिथेच थांबला.

याचं कारण इंग्रजीत नामाला शेपूट नाही. ‘ही’ आणि ‘हिम’ अशी चार-दोन सर्वनामं सोडली, तर कुणी मारलं आणि कुणाला मारलं हे शब्दाकडे बघून कळत नाही, त्याच्या जागेकडे बघून कळतं. आपल्याकडे ते काम ‘ने’ आणि ‘ला’ करतात. ते जिथे नसतात तिथे क्रियापद मदतीला येतं. ‘मांजर उंदीर खाते’ उलटं करून ‘उंदीर मांजर खाते’ म्हटलं तरी उंदराला काही फायदा नाही, कारण उंदीर खाणारा असता तर ‘खातो’ आलं असतं.

क्रम खरोखर निर्णायक ठरतो अशी जागा मराठीत शोधावी लागते. मी मुलांना शोधायला लावली. बराच वेळ गेल्यावर सापडलं ते हे: ‘साप बेडूक खातो’ आणि ‘बेडूक साप खातो’. दोघेही पुल्लिंगी, दोघांनाही प्रत्यय नाही, क्रियापद तेच. इथे जो आधी तो जेवणार आणि जो नंतर तो ताटात. मग चौथीतली एक मुलगी म्हणाली, ‘पण बेडकाला साप खातो असं म्हटलं तर?’ म्हणजे जिथे खरंच घोटाळा होऊ शकतो, तिथेही मराठी मूल जागा बदलत नाही, ‘ला’ लावतं. आणि ‘बेडूक’चं ‘बेडका’ करून लावतं. सामान्यरूप हा शब्द ऐकायच्या कितीतरी आधी!

मी एकटीच असं म्हणते असं नाही. डॅन स्लोबिन आणि थॉमस बेव्हर यांनी १९८२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी, इटालियन, सर्बो-क्रोएशियन आणि तुर्की बोलणाऱ्या लहान मुलांपुढे, साधारण दोन ते चार वर्षांच्या, खेळण्यातले प्राणी ठेवून वाक्यं ऐकवायची आणि मुलांनी ती प्राण्यांकडून करून दाखवायची. इंग्रजी मुलं शब्दांच्या क्रमावर विसंबली. तुर्की मुलांना शब्द कसेही फिरवून ऐकवले तरी कोण कुणाला काय करतंय ते कळत होतं, कारण त्यांचे कान प्रत्ययाकडे होते. तुर्की भाषा आपल्यासारखीच, क्रियापद साधारणपणे शेवटी आणि नामाला मागून प्रत्यय. मराठी मुलांवर तोच प्रयोग केला तर काय दिसेल याबद्दल मला तरी फारशी शंका नाही.

मग हा ‘योग्य क्रम’ मराठीच्या वर्कशीटवर एवढा ठाण मांडून का बसला? माझा तर्क असा, की तो दोन वाटांनी आला असावा. एक वाट आजची. इंग्लिश मीडियमच्या वर्कबुकात ‘जंबल्ड वर्ड्‌स’ असतात, मराठीची वर्कशीट करणारे तोच साचा उचलतात, शब्द तेवढे मराठी घालतात. दुसरी वाट जुनी. विल्यम केरीने मराठीचं व्याकरण १८०५ साली सेरामपूरहून छापलं, तेही इंग्रजीत, म्हणजे मराठी शिकू पाहणाऱ्या परक्या माणसांसाठी. अशा माणसाला पहिल्याच दिवशी सांगावं लागतं की बाबा रे, यांचं क्रियापद शेवटी येतं, धीर धर. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ सालचं. तेव्हापासून शाळेत मराठी मुलाला मराठीचं व्याकरण शिकवायची पद्धत रुळली आणि पाहुण्याला सांगायच्या गोष्टी घरच्या मुलालाही सांगितल्या जाऊ लागल्या. सहा वर्षांच्या मराठी मुलाला क्रियापद शेवटी येतं हे शिकवणं म्हणजे आईला घरचा पत्ता सांगण्यासारखं आहे.

पाहुणाही किती पुढे जाऊ शकतो याचं उदाहरण आपल्याच परंपरेत आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले तेव्हा त्यांची भाषा इंग्रजी, म्हणजे जागा बदलली की अर्थ बदलणारी. त्यांनी १६१६ मध्ये रायतूरला क्रिस्तपुराण छापलं. जवळपास अकरा हजार ओव्या. ओवीत शब्दांना जागा नेमून दिलेली नसते. यमक जुळवायचं, चरण भरायचे, तर क्रियापद कधी पुढे, कधी मधे, कधी कर्ता सगळ्यांच्या मागे. प्रत्ययांवर पूर्ण भरवसा असल्याशिवाय माणूस अकरा हजार वेळा असं करू धजणार नाही. लिस्बनच्या बोटीतून उतरलेल्या माणसाने जे कमावलं, ते आपण इथल्या मुलांकडून काढून घेतो, हे मला खरंच पटत नाही.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल की ही क्रमाच्याच विरोधात आहे. मराठीतही काही जागा पक्क्या आहेत. ‘टेबलावर’ म्हणता येतं, ‘वर टेबल’ म्हटलं की त्याचा अर्थच बदलतो, टेबल माळ्यावर जातं. ‘जात आहे’चं ‘आहे जात’ साध्या बोलण्यात होत नाही. ‘लाल फूल’ म्हटलं की ऐकणारा पुढची वाट बघतो, ‘फूल लाल’ म्हटलं की वाक्य जवळजवळ पुरं झालेलं असतं. ‘गाईचं शुद्ध तूप’ आणि ‘शुद्ध गाईचं तूप’ यावरून तर सगळ्या मराठी वर्गांत हशा पिकतो. गाय शुद्ध असते की तूप?

आणि ‘फक्त’! हा शब्द जिथे ठेवाल तिथे वाक्य वळतं. फक्त मी चहा पिते, म्हणजे घरात बाकी कुणी पीत नाही. मी फक्त चहा पिते, म्हणजे कॉफी नको. मी चहा फक्त पिते, म्हणजे करायचा तुम्ही. असंच ‘च’चं. मीच आणलं, आंबाच आणला, आणलाच शेवटी. तीन वर्षांचं मूल ‘मीच जाणार’ आणि ‘मी जाणारच’ यांत कधी गोंधळत नाही, भांडताना तर नाहीच. नकाराचंही तसंच. ‘मी जाणार नाही’ ही माहिती झाली आणि ‘मी नाही जाणार’ हा हट्ट झाला. शब्दांच्या क्रमाचा खरा अभ्यास इथे आहे. पण हे प्रश्न वर्कशीटवर मला अजून दिसले नाहीत, कारण त्यांना एकच उत्तर नसतं आणि उत्तर एकच नसलं की पटापट तपासता येत नाही. चाळीस वह्या तपासायच्या असलेल्या शिक्षकांना मी दोष देत नाही. माझं भांडण प्रश्नाशी आहे.

आता आपल्या सीमाभागाकडे येते, कारण इथे हा विषय नुसता व्याकरणाचा राहत नाही.

कन्नडही क्रियापद शेवटी ठेवणारी भाषा. ‘नाळे मनेगे बर्तीनि’ म्हणजे ‘उद्या घरी येतो’. शब्दाखाली शब्द ठेवा, एकही जागा हलत नाही. आमच्या कन्नड शाळेतल्या दोघी मुली म्हणूनच मराठी वाक्यं न अडखळता लिहितात. नुसता सांगाडा जुळणं एवढंच हे नाही. शेकडो वर्षं शेजारी राहून या भाषांनी एकमेकींच्या बसण्या-उठण्याच्या सवयी उचलल्यात. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावात कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू बोलणाऱ्यांचा अभ्यास केला, तो १९७१ साली छापून आला. त्यांना दिसलं की गावातली कन्नड, मराठी आणि उर्दू यांची वाक्यं बांधणीत इतकी सारखी झालीत की एका भाषेतून दुसरीत जाताना शब्द तेवढे बदलायचे. भाषाशास्त्राच्या वर्गात जगभर त्या गावाचं नाव घेतलं जातं. बेळगाव आणि निपाणीत हेच आपण रोज करतो, तर त्याला ‘अशुद्ध’ म्हणतात.

एक उदाहरण घेते. बाबा कुठे आहेत विचारलं तर आमच्याकडचं मूल म्हणतं, ‘बाबा संध्याकाळी येतो म्हणून सांगितलेत.’ कन्नडमध्ये, ‘अप्पा संजिगे बर्तीनि अंत हेळ्यार.’ जिथे ‘अंत’, तिथे ‘म्हणून’. बाबांचे शब्द आधी जसेच्या तसे, मग ‘म्हणून’, मग सांगितलेत. वहीत मात्र हवं असतं ते असं: बाबांनी सांगितले की ते संध्याकाळी येतील. इथे क्रम पूर्ण उलटा झाला. आधी ‘सांगितले’, मग ‘की’, मग बाबांचं बोलणं, आणि तेही बाबांच्या तोंडून काढून घेतलेलं. दोन्ही वाक्यं मराठीच आहेत. ‘येतो म्हणाला’ असं पुण्यातही म्हणतात. उलट तो ‘की’च फारसीच्या वाटेने आलेला, आणि आज तोच प्रमाण मराठीचा घरमालक झालाय. कडबा-चाऱ्याच्या त्या मुलाने मला उत्तर दिलं त्यातही हाच ‘म्हणून’ होता, लक्षात आलं का?

निपाणीच्या माझ्या मावशीकडे सुट्टीत पुण्याची भावंडं येतात. ‘म्हणून सांगितलेत’ ऐकलं की हसतात, आणि ‘मी चहा पिलो’ ऐकलं की लोळतात. हसू देत, सुट्टी असते. पण तेच हसू लाल पेनातून वहीत उतरलं की मूल काय शिकतं? घरातली भाषा ही घरात बोलायची, बाहेर काढायची नाही, हे शिकतं. आपल्याकडे भाषेवरून आधीच पुरेसं राजकारण आहे. कुठल्या पाटीवर कुठली लिपी वर, यावर मोर्चे निघतात. त्या मोर्च्यांमधल्या दोन्ही बाजूंच्या लोकांच्या घरातलं वाक्य एकाच सांगाड्याचं आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. (मीही तिथे उभं राहून सांगणार नाही, इथेच सांगते.)

आता तोटा कुठे होतो ते बघा. माझ्याकडच्या, घरी हिंदी बोलणाऱ्या एका मुलाने लिहिलं, ‘मी आजी घर जातो.’ क्रम? अगदी बरोबर. कर्ता पहिला, क्रियापद शेवटी, मधे कुठे जातो ते. क्रमाच्या वर्कशीटवर या मुलाला नेहमी पैकीच्या पैकी मार्क, कारण हिंदीचा आणि ओडियाचाही सांगाडा आपल्यासारखाच आहे. त्याला अडतंय ते ‘आजीच्या घरी’ म्हणायला. ‘च्या’ येत नाही, ‘घर’चं ‘घरी’ होत नाही. म्हणजे ज्याला मराठी येतं त्याची मराठी वाक्यं आपण कापतो, आणि ज्याला शिकायची गरज आहे त्याला जे येतं तेच पुन्हा विचारतो. दोघांचाही तास वाया. प्रत्यय आणि सामान्यरूप यांना त्या तासातली दहा मिनिटं मिळाली असती तरी त्या पोराचं काम झालं असतं.

आणि दुसरा तोटा निबंधात दिसतो. तोंडी सांगायला लावलं की हीच मुलं काय सुरेख सांगतात! ‘गेली लाईट अक्का, एकदम, आणि ओरडला की ओ शेजारचा काका, मग पळालो आम्ही.’ जे घडलं ते आधी, क्रियापद पुढे, कारण लाईट जाणं हीच बातमी आहे. ‘आली बस’, ‘आले बाबा’, ‘पडलं बाळ’ अशीच वाक्यं ऐकत आपण मोठे झालो. हेच वहीत लिही म्हटलं की पान असं होतं: काल लाईट गेली. काका ओरडला. आम्ही पळालो. सगळी वाक्यं एका उंचीची, हजेरीला उभी केल्यासारखी. मग आठवी-नववीत आपणच म्हणतो, मुलांना स्वतःच्या शब्दांत लिहिता येत नाही. आपल्या मंडळाकडे दर वर्षी येणाऱ्या कथा वाचा. अर्ध्या कथांमध्ये माणसं एकमेकांशी वर्कशीटमधली वाक्यं बोलतात.

दुसरी बाजू मला कळते. कागदावर आवाज नसतो. ‘चारा गाय खाते’ म्हणताना त्या मुलाने ‘गाय’वर जो जोर दिला, तो लाल पेनाला ऐकू आला नाही. अनोळखी वाचकासाठी लिहायचं तर एक साधा, सपाट, कुणालाही पहिल्या वाचनात कळणारा क्रम हाताशी असलेला बरा. मुलांना तो जरूर दाखवावा, पण त्याला ‘साधा क्रम’ म्हणावं. ‘योग्य’ म्हटलं की बाकीचे आपोआप अयोग्य ठरतात. इंग्रजीच्या तासाला तर मी स्वतः कडक आहे. ‘आय मँगो ईट’ला मी सोडत नाही. ‘व्हॉट यू आर डुइंग’ला तर मुळीच नाही, कारण ते मी आपल्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्येही रोज ऐकते. त्या भाषेत जागा हेच व्याकरण आहे, तिथे जागा घोटवून घ्यायलाच हवी. माझं म्हणणं इतकंच की चारच्या तासाला इंग्रजीत जी शिस्त लागते, ती पाचच्या तासाला मराठीवर लादू नये. मुलांना हा फरक सांगितला तर कळतो. मी दावीद आणि गल्याथ दोन्ही भाषांत फिरवून दाखवले तेव्हा तिसरीतला एक म्हणाला, ‘म्हणजे इंग्लिशमध्ये लाईन तोडायची नाही.’ याहून चांगलं मला समजावता आलं नसतं.

गेल्या महिन्यापासून मी वर्कशीटऐवजी चिठ्ठ्या वापरते. पाच चिठ्ठ्या: काल, आजीने, मला, कुंदा, दिला. कुंदा घातल्यामुळे लक्ष द्यायला लावावं लागत नाही. क्रम हवा तो लावायचा, पण लावणाऱ्याने सांगायचं की हे वाक्य कोण कुणाला म्हणतंय. ‘मला दिला काल आजीने कुंदा’ लावणारी मुलगी म्हणाली, हे मी दादाला चिडवते आहे. ‘काल दिला आजीने मला कुंदा’ म्हणजे आज पुन्हा विचारलं तेव्हा, मिळून झालाय म्हणून सांगायला. ‘कुंदा आजीने दिला मला काल’, हे पोलिसांना. पोलिसांना का, ते त्याने सांगितलं नाही. ‘काल आजीने मला कुंदा दिला’ हे कोण म्हणतं असं विचारल्यावर सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, ‘पुस्तक’.

मग मी कात्रीने ‘आजीने’चे दोन तुकडे केले, ‘आजी’ आणि ‘ने’. आता ‘ने’ कुठे ठेवायचा? ‘मला’च्या मागे लावून बघितला, ‘दिला’च्या पुढे लावून बघितला, पोट धरून हसले. घरी हिंदी बोलणारा तो मुलगा गंभीरपणे ‘ने’ उचलून पुन्हा आजीजवळ नेऊन ठेवत होता. एकीने ‘ने’ टाकूनच दिला आणि म्हणाली, ‘आमच्याकडे आजी दिली म्हणतात की.’ तिला मी दाखवलं की ‘ने’ गेला तर ‘दिला’ची चिठ्ठी चालत नाही, ‘दिली’ची नवी लिहावी लागते, क्रियापद कुंद्याला सोडून आजीकडे वळतं. तिने लगेच लिहून आणली. पुण्याच्या पद्धतीची एक आणि आपल्या पद्धतीची एक, अशा दोन्ही चिठ्ठ्या आता डब्यात आहेत.

पुढच्या शनिवारी ‘च’ आणि ‘फक्त’ काढणार आहे. मंडळातल्या ज्यांना यायचं असेल त्यांनी पाच वाजता तिसऱ्या रेल्वे गेटपाशी भेटा, तिथून एकत्र जाऊ. जुन्या वह्यांचे पाठकोरे कागद आणा, आणि कात्री आपापली. माझ्याकडे एकच आहे आणि मुलं अकरा.